निताईच्या होडीत कोण बसणार

केतकी, तुझा निताई अजूनही बर्ग्याला होडीत घेतो.

तुझं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी प्रबीरदानं मला काचेच्या खोलीत बोलावून हे थांबवायला सांगितलं. तो मालक असला तरी वाईट माणूस नाही, हे तूच मला पटवलं होतंस. तुझं नाव घेतलं आणि उगाच चष्मा पुसत बसला. पण आपलं म्हणणं त्यानं सोडलं नाही. दुर्गापुजोच्या आधी आपला संगणकावरचा खेळ लोकांसमोर ठेवायचाय. निताईचं केतकीनं घडवलेलं डोकं केतकीलाच कळत होतं. ती नाही, तर निताईला आता साधा करून टाक. आधी म्हातारे, मग बायका-पोरं, मग पुरुष, अशी रांग लावून दे आणि विषय संपव. मी 'बघतो' म्हणून बाहेर आलो. माझ्या 'बघतो'चा अर्थ काय, यावर तू ऑफिसभर किती जणांना हसवलंस ते आठवलं आणि तिथल्या तिथे ठरवलं की हे करायचं नाही.

का केलं नाही आणि त्याऐवजी काय केलं, ते सांगायला बसलोय. आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि अर्ध्या भांडणातून असं कोणी उठून जात नसतं.

मी कराडहून या नोकरीसाठी बंगालमध्ये आलो तेव्हा एस्प्लनेडच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात मराठी कानावर पडेल असं वाटलंच नव्हतं. पहिल्याच दुपारी तू माझ्या खुर्चीमागे येऊन म्हणालीस, "मराठी ना तू? चल, खाली जाऊन चहा खाऊ." मी म्हटलं, चहा पितात. तू म्हणालीस, इथे खातात, तुला प्यायचाच असेल तर पी. काकांची, तुझ्या बाबांची, केंद्र सरकारच्या नोकरीत इकडे बदली झाली तेव्हा तू कडेवर होतीस, आणि निवृत्त झाल्यावरही त्यांनी डमडमचं घर सोडलं नाही. त्यामुळे तुझं मराठी काकूंशी बोलण्यापुरतं, स्वयंपाकघरात वाढलेलं. 'तो होडी' म्हणायचीस. मी दुरुस्त करायला गेलो की विचारायचीस, होडीला विचारलंस का? आता ऑफिसात मराठी बोलायला कोणी नाही. परवा संगणक अडकला तेव्हा मी त्याच्यावर मराठीत चिडलो, तर सगळे वळून बघायला लागले.

खेळ तुझ्याच डोक्यातून निघालेला. भागीरथीच्या पश्चिम काठावरचं एक गाव. बर्गी येतायत अशी बातमी आली आहे, गावाला नदी ओलांडून पूर्वेला जायचंय आणि होडी एकच, निताईची. खेळणाऱ्यानं गाव गोळा करून काठावर आणायचं, पलीकडे नेणं निताईचं काम. माझ्या शाळेच्या पुस्तकात बारगीर म्हणजे मराठी फौजेतला सरकारी घोड्यावरचा शिपाई, एका ओळीत यायचा आणि ऐटीत निघून जायचा. अठराव्या शतकातल्या स्वाऱ्यांत इथे तोच बर्गी झाला, आणि अजून त्याच्या नावानं पोरांना भीती घालतात, कारण त्यानं गावं जाळली, माणसं मारली, बायकांवर हात टाकला. इथे येईपर्यंत मला हे धड माहीतही नव्हतं. तुला मात्र दोन्ही बाजूंनी ठाऊक होतं. शाळेत भांडण झालं की मैत्रिणी तुला बर्गी म्हणायच्या. हे तू हसत सांगायचीस, पण पुन्हापुन्हा सांगायचीस.

बाकीच्या खेळांत अशा नावाड्याला पावलापावलाची आज्ञा लिहून देतात, अमुक दिसलं की तमुक कर. तुला ती घोकंपट्टी वाटायची. एका संध्याकाळी मेट्रो बंद पडली, एस्प्लनेडच्या जिन्यावर गर्दी तुंबली, आणि तिथेच रेलून तू मला तुझी पद्धत समजावलीस. म्हणालीस, मला डमडमला घरी जायचंय, एवढंच ठरलंय. मेट्रो बंद म्हणून मी घरी जायचं रद्द करते का? बस बघते. बस नसली तर सियालदाहून गाडी. कसं जायचं ते मला कोणी लिहून दिलंय? निताईलाही तू एवढंच दिलंस, की या काठावर एकही माणूस उरता कामा नये. आणि त्याला काय काय करता येतं ते दिलंस. वल्हवणं, हाक मारणं, चढणाऱ्याला हात देणं, होडीतलं पाणी उपसणं. प्रत्येक गोष्टीच्या आधी काय जमून यायला हवं, ती केल्यावर काय बदलतं, तिला कष्ट किती पडतात. पुढची जुळवाजुळव त्याची त्यानं करायची. वाट बंद झाली तर त्यानं वाट बदलायची, ध्येय नाही.

एकदा होडी गळायला लागली. निताईनं मधल्याच बेटावर माणसं उतरवली, पाणी उपसलं, माणसांना परत बसवलं आणि निघाला. हे आपल्यापैकी कोणीच लिहिलेलं नव्हतं. घरात मोठं माणूस आल्यासारखी तू खुर्चीतून उठून उभी राहिलीस. मी तुला हसलो. पण उभा मीही राहिलो होतो.

मग तो दिवस. तन्मयचं काम खेळ खेळून चुका शोधणं, आणि तो ते इतक्या आनंदानं करतो की राग येतो. त्या दिवशी त्याच्या आवाजात आनंद नव्हता. "दीदी, माझी तो बोर्गीके पार कोरे दिच्छे." नावाडी बर्ग्याला पलीकडे नेतोय. आपण दोघं धावलो. सगळं गाव पलीकडे पोचलं होतं, आणि निताई मोकळी होडी घेऊन परत येऊन, काठावर पडलेल्या जखमी बर्ग्याला हात देत होता. बर्ग्याच्या मुठीत तलवार तशीच. निताईचं काही चुकलं नव्हतं. काठावर माणूस उरता कामा नये, आणि हा उरला होता. खेळातल्या सगळ्यांची नोंद मी केली होती, आणि बर्ग्यापुढेही मी नुसतं 'माणूस' लिहिलं होतं. शत्रूसाठी वेगळी खूण ठेवायचं मला सुचलं नाही, आणि तपासताना तुलाही नाही. तन्मय म्हणाला, बंगाली माणसाच्या हातून ही चूक सात जन्मांत झाली नसती. म्हणाला हसतच, पण त्या दिवशी चहाला आपल्याबरोबर आला नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन मराठी माणसं बंगालमध्ये बसून खेळ करतात आणि त्यात गावचा नावाडी बर्ग्याला वाचवतो. लोक जोडे घेऊन येतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. एका ओळीचं काम होतं, माणूस म्हणजे बर्गी सोडून बाकीचे. मी लिहायला घेतली आणि तू माझं मनगट धरलंस. शत्रू कोण ते आपण त्याच्या डोक्यात आधीच घालायचं नाही, म्हणालीस, त्यानं जे पाहिलं त्यातून त्याला कळू दे. मी म्हटलं, त्यानं गाव जळताना पाहिलंय, आणखी काय बघायचं? तू म्हणालीस, म्हणून तर त्याला सगळ्यांच्या शेवटी नेतोय. मग मी म्हटलं की बर्ग्याला होडीत घ्यायचं की नाही हे ठरवायचा हक्क जगात आपल्या दोघांनाच नाही. तेव्हा तू माझं मनगट सोडलंस.

"मग कोणाला आहे, सुहास? ज्यांना कधी बर्गी म्हणवून घ्यावं लागलं नाही त्यांना?"

मुद्दा संपला की मी आवाज वाढवतो हे तुला माहीत आहे, आणि मी वाढवला. प्रबीरदा खोलीतून बाहेर आला, आपण मराठीत काय भांडतोय ते त्याला कळेना, त्यानं दोघांनाही घरी पाठवलं.

त्याच आठवड्यात सुट्टीच्या दिवशी तू मला बागबाजारला नेलंस, मराठ्यांच्या भीतीनं खणलेला खंदक दाखवायला. दाखवण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. खंदक कधीच बुजला, त्यावर रस्ते झाले. मिठाईच्या दुकानासमोर उभी राहून तू पायाखाली बोट दाखवलंस. इथून सुरू झाला म्हणतात, पुरा काही झाला नाही, आणि ज्यांच्या भीतीनं खणला ते शहरापर्यंत आलेच नाहीत. मग जरा थांबून म्हणालीस, आलो की आपण, मेट्रोनं. पुढे घाटावर बसून कचोरी खात, लाँचमधून उतरणारी माणसं बघत आपण पुन्हा भांडलो. मी म्हणत होतो की खणणारे मूर्ख नव्हते, त्यांची भीती खरी होती. तू म्हणालीस, भीती खरीच, पण खंदक फक्त एवढंच विचारतो की तू कोणाचा. मी म्हटलं, मग दुसरं काय विचारायचं असतं? तू माझी उरलेली कचोरी खाल्लीस.

उत्तर तुझ्याच घराच्या दारात होतं आणि आपण दोघंही त्याला दरवेळी ओलांडून जात होतो. पहिल्यांदा डमडमला जेवायला आलो तेव्हा माझ्या पाठीवर लॅपटॉप, एका हातात छत्री, दुसऱ्यात संदेश मिठाईचा डबा, आणि फोन खांद्यानं कानाशी दाबलेला. काकू दारात आडव्या उभ्या. हातातलं सगळं खाली ठेव, मग आत ये. बदल्यांच्या गावोगाव त्यांनी ही एक रीत बरोबर नेली होती. काकांची ऑफिसची बॅग असो, मीटर बघायला आलेल्या माणसाची पिशवी असो, जिन्यावरून भांडत आलेल्या शेजारणीच्या हातातलं लाटणं असो, आधी दाराशी कोनाड्यात ठेवायचं, पाणी घ्यायचं, मग बोलायचं. तू माझ्या कानात म्हणालीस, आईनं कस्टममध्ये नोकरी करायला हवी होती. त्या दिवशी काकूंनी पिठलं केलं होतं. गाव सोडून आल्यावर मी पहिल्यांदा पोटभर जेवलो, आणि परत जायचं तिकीट काढायचं जे मनात घोळत होतं ते पुन्हा मनात आलं नाही.

हे तुला कधी सांगितलं नाही. या शहरात मी टिकलो तो तुझ्यामुळे आणि त्या घरामुळे. सांगायला हवं होतं. पण तुझ्याशी गोड बोलायला गेलं की तू विचारायचीस, बरं वाटत नाहीये का?

मग तो ताप आला. साधा आहे म्हणता म्हणता तुला दवाखान्यात न्यावं लागलं. शेवटचा फोन तूच केलास. धाप लागत होती तरी हुकूम सोडत होतीस. "निताईला हात लावू नकोस. मी आल्यावर भांडू." मी म्हटलं, आधी बरी हो, मग हरवतो तुला. झालं, एवढंच बोलणं. माणसं म्हणतात, शेवटचं काहीतरी मोठं बोलून घ्यावं. आपण बोललो ते निताईबद्दल. मला आधी याचं फार वाईट वाटायचं, आता तितकं वाटत नाही. तू मरणाबद्दल बोलत नव्हतीस, परत येऊन काय करायचं त्याबद्दल बोलत होतीस. तरी तुझा राग येतो. देवाबिवाचा नाही, तुझाच. आल्यावर भांडू म्हणालीस आणि आली नाहीस.

प्रबीरदाला 'बघतो' म्हटलं त्याच संध्याकाळी तुझ्या टेबलावरच्या वस्तू पिशवीत भरून डमडमला गेलो. शाल, पाण्याची बाटली, कान तुटलेला कप. दार काकूंनी उघडलं. पिशवी त्यांच्या हातात द्यायची एवढंच काम होतं, पण मी ती छातीशी धरून उभा राहिलो. दिली की ऑफिसातली तू संपलीस, असं काहीतरी डोक्यात होतं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि आवाजात जराही फरक न करता म्हणाल्या, "हातातलं खाली ठेव, सुहास. मग आत ये."

मी पिशवी कोनाड्यात ठेवली आणि तिथेच रडायला लागलो. काकू रडल्या नाहीत. त्यांनी पाणी आणून दिलं, काकांना हाक मारली, आणि आम्ही तिघं बसून तुझ्याबद्दल बोललो. हात मोकळे झाल्यावर बोलता आलं. जेवायला पिठलंच होतं.

परतताना मेट्रोत उभा होतो आणि एकदम लक्षात आलं. काकू दारात आलेल्याला तू कोणाचा असं विचारत नाहीत. भांडायला आलेली शेजारीणही आत येते. त्या फक्त हातात काय आहे ते बघतात. घाटावर तू जे शोधत होतीस ते हेच असावं असं मला वाटतं. तुला पटलं असतं की नाही, सांगता येत नाही. तू माझी कोणतीही गोष्ट पहिल्या फटक्यात पटवून घेतली नाहीस.

दुसऱ्या दिवशी मी होडीसाठी एक नियम लिहिला. होडीत चढायचं तर हात रिकामे हवेत. लिहिला आणि खेळ चालू केला, तर काय सांगू. गावातल्या बायका आल्या, त्यांनी गाठोडी खाली ठेवली, आणि एका आईनं कडेवरचं तान्हं पोर शांतपणे चिखलात ठेवलं आणि ती होडीत चढून बसली. तन्मयनं कपाळावर हात मारला. निताई बिचारा आईला पोचवून पोरासाठी परत आला, पोर उचललं, आणि आता त्याचेच हात रिकामे नाहीत म्हणून पोर घेऊन काठावर उभा राहिला तो राहिलाच. मी आणि तन्मय पोट धरून हसलो. तू गेल्यानंतर ऑफिसात पहिल्यांदा कोणीतरी हसलं. मग नियम नीट केला. ज्यानं माणसाला जखम होईल ते हातात नको. विळा नको, कोयता नको, भाला नको. सगळ्यांना सारखाच, गावचा असो नाहीतर बाहेरचा.

शुक्रवारी प्रबीरदा माझ्या मागे येऊन उभा राहिला. मी त्याला आधीच सांगून टाकलं, निताईला रांग लावून देणार नाही, त्याचं डोकं यापुढे मी सांभाळेन, जमलं नाही तर खेळावरून माझं नाव काढ. त्यानं तन्मयला खेळ सुरू करायची खूण केली. तन्मय खेळायला बसला. गाव आलं, विळे-कोयते काठावर पडले, फेऱ्या झाल्या. मग काठावर तो एकटा उरला. निताई परत आला. हात पुढे केला, तर होडी त्याला घेईना, मुठीत तलवार. निताईनं हाक मारली. बर्गी उभा. त्यालाही तू एकच ध्येय दिलं होतंस, जिवंत घरी जायचं. मागे आग, पुढे पाणी. तो इतका वेळ उभा राहिला की तन्मय म्हणाला, अडकला, बंद करतो. मी म्हटलं, थांब.

बर्गी वाकला. त्यानं तलवार गावाच्या कोयत्यांशेजारी ठेवली आणि निताईचा हात धरला.

हे कोणी लिहिलेलं नाही, केतकी. मी फक्त होडीत कोण चढू शकतं ते लिहिलं होतं. पण माणसाला जे जे करता येतं ते सगळं त्याला करता येत होतं, गाठोडं खाली ठेवणाऱ्या बायकांसारखंच, कारण त्याच्यापुढे मी माणूस लिहून बसलो होतो. माझ्या हट्टाप्रमाणे त्याला वेगळा काढला असता, तर तलवार खाली ठेवणं त्याला सुचलंच नसतं.

मग तन्मयनं विचारलं, आणि पलीकडे उतरल्यावर? तिथे माझी माणसं आहेत, त्यांची घरं यानं जाळली आहेत, ती काय करतील? मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, सगळी हात जोडून स्वागत करणार असतील तर मी हा खेळ कोणाला दाखवू देणार नाही. मी म्हटलं, मग त्यांची मनं तू लिही. त्यानं खुर्ची ओढली आणि तुझ्या टेबलाशी बसला. तुझ्या टेबलाशी बसलेला तो पहिला माणूस. मला वाटलं होतं राग येईल, नाही आला. प्रबीरदानं एवढंच विचारलं, पुजोच्या आधी होईल? आम्ही दोघंही हो म्हणालो, आणि ते करणार आहोत. आता मी आणि तन्मय रोज भांडतो, हिंदीत. त्याला मराठी येत नाही आणि माझं बांगला ऐकून त्याला हसू येतं. चहा मात्र खाली जाऊन खातो.

आपल्यात कोण जिंकलं ते कळायला आता मार्ग नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, शेवटी बर्गी होडीत बसलाच ना. मी म्हटलं असतं, बसला, पण आधी तलवार ठेवून. आणि मग तू म्हणाली असतीस, सांगितलं होतं तरी हात लावलासच.

नाही. निताईचं मन तू ठेवून गेलीस तसंच आहे, एक अक्षर हललेलं नाही. मी हात लावला तो होडीला.